डॉ. प्रफुल्लकुमार सेन : प्रतिरोपणाचे पर्व आणि अवयवाच्या जतनाचा प्रश्न

कलकत्त्याहून निघणारी बंगाल-नागपूर रेल्वे बिलासपूर, रायपूर, दुर्ग या मार्गाने नागपूरला येत असे. दुर्गच्या अलीकडे भिलाई नावाचे एक लहानसे खेडे त्या लोहमार्गावर होते. पोलादाच्या कारखान्याने त्याचे नाव देशभर होण्यास अद्याप पुष्कळ वर्षे होती. मध्यप्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात मराठी, हिंदी आणि बंगाली या तीनही भाषांचे सुशिक्षित समाज शेजारी शेजारी नांदत होते. ७ डिसेंबर १९१५ रोजी कलकत्त्यास जन्मलेले प्रफुल्लकुमार सेन यांचे प्रारंभीचे शिक्षण या नागपुरात झाले. पुढचे सर्व कर्तृत्व मात्र मुंबईचे, आणि तेही परळ भागातील एकाच आवाराचे.

परळचे शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेले केईएम, या संस्था १९२६ साली उभ्या राहिल्या. अध्यापकवर्ग सर्वस्वी भारतीय असावा, हा त्यांच्या स्थापनेमागील आग्रह होता. ब्रिटिश अमदानीतील सरकारी वैद्यकसेवेत वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. त्या व्यवस्थेला दिलेले हे मुंबईचे उत्तर होते. रुग्णालय चालविणार महानगरपालिका, आणि रुग्ण येणार ते मुख्यतः गिरणगावातील चाळींतून. सेन या महाविद्यालयात शिकले आणि येथेच शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. त्यांच्या महत्त्वाकांक्षेचा विचार करताना हा स्वाभिमानाचा वारसा आणि ही गरिबांची गर्दी, दोन्ही ध्यानात ठेवावी लागतात. एकाच बाजूने पाहणाऱ्यांनी त्यांच्यावर अन्याय केला आहे, किंवा त्यांना फाजील सवलत दिली आहे.

स्वातंत्र्यानंतर लवकरच रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने सेन अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. १९४८ साली त्याच शहरात चार्ल्स बेली यांनी आकुंचलेली हृदयझडप बोटाने मोकळी करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली होती. छातीचा पिंजरा उघडणे हे शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने अंतिम साहस मानण्याचा काळ मागे पडत होता. सेन परतले ते हे नवे शास्त्र घेऊन. भारतात संधिवाताच्या तापामुळे झडपा निकामी झालेले तरुण रुग्ण अगणित होते. परळमध्ये त्यांच्यावरील शस्त्रक्रिया सुरू झाल्या. महारोहिणीच्या विकारांवरही त्यांनी पुष्कळ काम केले. महारोहिणीचा मधला भाग अरुंद होण्याच्या, आशियातील तरुण रुग्णांत विशेषत्वाने आढळणाऱ्या व्याधीवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेला निबंध आजही आधारभूत मानला जातो. हे कार्य प्रतिरोपणाच्या गाजावाज्यात झाकले गेले. वास्तविक त्यांचा टिकाऊ कीर्तिस्तंभ तोच म्हणता येईल.

त्या दशकातील एका सामान्य दिसणाऱ्या उपायाचा येथे उल्लेख केला पाहिजे. रुग्णाला बर्फात गार करून, शरीराची प्राणवायूची भूक मंदावून, काही मिनिटांपुरते रक्ताभिसरण थांबवावयाचे आणि तेवढ्या अवधीत हृदयातील छिद्र शिवून टाकावयाचे, ही पद्धत टोरांटोच्या बिगेलो यांच्या १९५० च्या प्रयोगांतून निघाली आणि १९५२ मध्ये मिनियापोलिस येथे मनुष्यावर यशस्वी झाली. मुंबईतही तिचा अवलंब झाला. तापमान दहा अंशांनी उतरले की पेशींचे चलनवलन जवळजवळ निम्म्यावर येते, एवढेच त्यामागील तत्त्व. देहाबाहेर काढलेला अवयव टिकविण्याचे पुढील सारे शास्त्र या एका तत्त्वातून निघाले. गारव्याने मृत्यू टळत नाही, तो लांबणीवर पडतो. आणि किती लांबणीवर पडतो, हे प्रत्येक अवयवाच्या बाबतीत निराळे असते.

साठीच्या दशकाच्या आरंभी परळच्या प्रयोगशाळेत श्वानांवर हृदयप्रतिरोपणाचे प्रयोग सुरू झाले. डॉ. जी. बी. परुळकर, डॉ. शरद पांडे आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. एस. जी. किनरे हे सेन यांचे या कामातील प्रमुख सहकारी. अशा शंभर प्रयोगांचा वृत्तांत १९६५ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९६७ मधील केपटाऊनच्या बातमीने भारावून जाऊन मुंबईकरांनी घाईघाईने अनुकरण केले, असा जो समज आहे, तो या एका निबंधाने खोटा ठरतो. त्याच वर्षी डॉ. तेहमटन उद्वाडिया यांच्यासह सेन यांनी आणखी एक चमत्कारिक कल्पना मांडली. सर्पाच्या हृदयात स्नायूला रक्त मिळते ते बरेचसे आतल्या पोकळीतूनच. तेव्हा मानवी हृदयाच्या भिंतीला आतून बारीक छिद्रे पाडली तर रक्ताची टंचाई भागेल काय, असा तो विचार होता. सुईने केलेली ही छिद्रे पुढे बुजतात असे दिसून आले, तरी दोन दशकांनंतर लेसर किरणांनी तीच गोष्ट करू पाहणाऱ्यांना सेन यांचे नाव घ्यावे लागले. १९६५ मध्येच केईएममध्ये मृत व्यक्तीच्या मूत्रपिंडाचे रोपणही करण्यात आले. रुग्ण फार दिवस जगला नाही.

या प्रयोगांमागे दोन परंपरा होत्या, आणि त्यांतील भेद अवयवाच्या जतनाविषयीच होता. पहिली मॉस्कोची. व्लादिमिर देमिखोव यांनी १९४६-४७ पासून श्वानांत हृदय व फुप्फुसे एकत्र, आणि नंतर केवळ फुप्फुस, बसविण्याचे प्रयोग केले होते. त्यांनी शीतन वापरले नाही, कृत्रिम रक्ताभिसरणाचे यंत्रही वापरले नाही. हृदय आणि फुप्फुसे जोडलेलीच ठेवली तर हृदय आपले रक्त फुप्फुसांत ढकलते, तेथे ते शुद्ध होते आणि पुन्हा हृदयाकडे येते. म्हणजे देहाबाहेर असतानाही ही जोडी काही काळ स्वतःचे पोषण स्वतः करू शकते. देमिखोवांनी या गोष्टीचा लाभ घेतला. दुसरी परंपरा अमेरिकेतील स्टॅनफर्डची. तेथे लोअर आणि शमवे यांनी १९६० साली दाखवून दिले की, काढलेले हृदय चार अंश तापमानाच्या लवणजलात बुडवून ठेवले, तर ते तासाभराने बसविल्यावर पुन्हा धडधडू लागते. एका पद्धतीत अवयवाला जागे ठेवावयाचे, दुसरीत निजवावयाचे.

सेन यांचा दोन्हीकडे संबंध होता. रॉकफेलरच्या शिष्यवृत्तीवर शिकलेला हा शल्यचिकित्सक सोव्हिएत शास्त्रज्ञांशीही संधान बांधून होता, आणि त्या शीतयुद्धाच्या काळात भारतात हे विसंगत वाटत नसे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईच्या शेतजमिनीवर पोलादाचा कारखाना उभारावयास घेतला गेला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. झोतभट्टी रशियाची आणि शिष्यवृत्ती अमेरिकेची, हा त्या पिढीचा व्यवहार होता. परळच्या शल्यविभागातही काही उपकरणे बाहेरून मिळवावयाची आणि काही पाहून येथेच घडवावयाची, असेच चालले होते. हृदयप्रतिरोपण हा राष्ट्राच्या पुढारलेपणाचा दाखला ठरेल, ही भावना सेन यांच्या ठिकाणी होती आणि ती त्यांनी लपविली नाही.

फुप्फुसांची कथा मात्र हृदयाहून निराळी आहे. ११ जून १९६३ रोजी मिसिसिपीतील जॅक्सन येथे जेम्स हार्डी यांनी पहिले मानवी फुप्फुस बसविले. कर्करोगाने पीडित असलेला तो बंदिवान अठरा दिवस जगला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत जगात चाळीसच्या आसपास प्रयत्न झाले. १९६८ साली बेल्जियमच्या गेंट शहरात फ्रिट्झ देरोम यांनी केलेल्या प्रतिरोपणाचा रुग्ण दहा महिने जगला, हाच त्या सर्वांतील मोठा पल्ला. फुप्फुसाच्या ठायी एक सोय आणि अनेक गैरसोयी आहेत. सोय ही की, त्याच्या वायुकोशांत हवा कोंडून ठेवता येते, आणि रक्त थांबल्यावरही पेशींना त्या हवेतून थोडा प्राणवायू मिळत राहतो. म्हणून आज फुप्फुसे काढताना ती अर्धवट फुगवूनच श्वासनलिका बंद करतात. गैरसोयी अशा की, ते बाहेरच्या हवेला सदैव उघडे असल्याने जंतूंचे माहेरघर असते, मेंदूला इजा झालेल्या दात्याच्या देहात ते इतर अवयवांच्या आधी पाण्याने भरते, आणि श्वासनलिकेचे पोषण करणारी बारीक रोहिणी शस्त्रक्रियेत तोडली जात असल्याने नळीचा टाका दोनतीन आठवड्यांनी उसवतो. साठीच्या आणि सत्तरीच्या दशकांतील अनेक रुग्ण या उसवलेल्या टाक्याने गेले.

१६-१७ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री केईएममध्ये सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी हृदयाचे प्रतिरोपण केले. बर्नार्ड, कँट्रोविट्झ आणि शमवे यांच्यानंतर असे करणारे ते जगातील चौथे शल्यचिकित्सक, हे प्रतिरोपण सहावे, आणि भारत हा दक्षिण आफ्रिका व अमेरिका यांच्यामागून तिसरा देश. रुग्ण होता सत्तावीस वर्षांचा एक शेतकरी. दाती होती आगगाडीच्या अपघातात डोक्यास जबर इजा झालेली एक तरुण स्त्री. अवयवाचे जतन म्हणून जे काही होते ते एवढेच की, दाता आणि ग्राहक एकाच इमारतीत, एकमेकांच्या जवळ होते. लांबून हृदय आणण्याचा प्रश्नच त्या वेळी कोणाच्या मनात नव्हता. जगभर तसेच चालत असे. अडचण अंतराची नव्हती, क्षणाची होती. मेंदू पूर्णतः निकामी झाला आहे पण हृदय चालू आहे, अशा व्यक्तीस मृत म्हणावे की जिवंत, याचे उत्तर भारतीय कायद्यात नव्हते. हार्वर्डच्या समितीचा या विषयावरील अहवालसुद्धा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. हृदय थांबण्याची वाट पाहावी, तर प्रत्येक मिनिटाला ते खराब होत जाणार; न पाहावी, तर मनुष्यवधाचा आरोप संभवणार. या प्रश्नावर सेन यांना शासनातील अधिकाऱ्यांशी बोलावे लागले होते. पाश्चात्य देशांत ज्या प्रश्नाची उकल तत्त्वज्ञ, धर्मगुरू आणि न्यायाधीश यांच्या वादविवादातून वर्षानुवर्षे होत गेली, तो मुंबईत काही डॉक्टरांना शस्त्रक्रियागृहाच्या उंबऱ्यावर सोडवावा लागला.

नवे हृदय रुग्णाच्या छातीत चालू झाले. शिवणकामात उणीव नव्हती. शंभर प्रयोगांचा हात होता. पण तीन तासांनी रुग्ण दगावला. सप्टेंबर १९६८ मध्ये दुसरे प्रतिरोपण झाले. तो रुग्ण चौदा तास जगला. या अपयशाचे कारण म्हणून पुढे फुप्फुसांकडे बोट दाखविण्यात आले. दीर्घकाळ हृदय दुबळे असले म्हणजे फुप्फुसांतील रक्तवाहिन्या कठीण होतात आणि त्यांतील दाब वाढतो. रुग्णाच्या जुन्या हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षे या दाबाशी झुंजून जाड झालेला असतो. निरोगी माणसाच्या छातीतून आलेल्या हृदयाला तशी सवय नसते, आणि शीतन व रक्तावाचून गेलेला वेळ यांनी ते आधीच शिणलेले असते. ते त्या भिंतीवर आपटून थकते. आज प्रतिरोपणापूर्वी हा रोध मोजल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि तो मर्यादेपलीकडे असेल तर हृदयाबरोबर फुप्फुसेही बदलण्याचा विचार करतात. १९६८ साली या मोजमापाचे महत्त्व कोठेच नीट ध्यानात आलेले नव्हते. स्टॅनफर्डच्या शमवे यांच्यासारख्या काही थोड्यांनी पुढील दहा वर्षे चिकाटीने काम चालू ठेवले. बाकीच्या बहुतेकांनी दोनतीन वर्षांतच हात आखडता घेतला. सेन यांनीही तिसरे प्रतिरोपण केले नाही.

सेन यांना १९६९ साली पद्मभूषण मिळाले. सन्मानाबरोबर आक्षेपही आले, आणि ते क्षुल्लक नव्हते. ज्या रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडून रुग्ण जमिनीवर झोपत, तेथे हा खर्च आणि हा धोका कशासाठी? या प्रश्नाला राष्ट्राभिमान हे उत्तर पुरेसे नाही. तीन तास जगलेल्या शेतकऱ्याला त्या राष्ट्राभिमानाचा काय उपयोग झाला, हे विचारणाऱ्याला गप्प बसविण्याचा अधिकार कोणासही नाही. मात्र दुसरी बाजूही खरी आहे. श्रीमंत देशांत गरिबांच्या देहावर शिकून घ्यावयाचे आणि गरीब देशांनी पन्नास वर्षांनी ते शास्त्र विकत घ्यावे, ही वाटणी सेन यांना मान्य नव्हती. त्या प्रतिरोपणाच्या निमित्ताने परळमध्ये जो शल्यचिकित्सकांचा, भूलतज्ज्ञांचा आणि विकृतिशास्त्रज्ञांचा संघ तयार झाला, त्याचा लाभ नंतर झडपा आणि रोहिणी यांच्या सामान्य रुग्णांना मिळत राहिला. सेन उतावीळ होते असे म्हणता येईल. अडाणी धाडसी होते असे म्हणता येणार नाही. त्यांच्याजवळ कौशल्य होते. नव्हत्या त्या तीन गोष्टी: परकीय अवयवाविरुद्ध उठणारी देहाची प्रतिक्रिया शमविणारे नेमके औषध, मृत्यूची कायदेशीर व्याख्या, आणि अवयवाला काही तास सुखरूप ठेवण्याची विद्या.

२२ जुलै १९८२ रोजी सेन निवर्तले. सायक्लोस्पोरिन हे औषध त्या वेळी नुकतेच वापरात येत होते. त्याच्या आधारे मार्च १९८१ मध्ये स्टॅनफर्डला ब्रूस राइट्झ यांनी हृदय आणि फुप्फुसे एकत्र बसविली होती, आणि सेन यांच्या मृत्यूनंतर सोळा महिन्यांच्या आतच, नोव्हेंबर १९८३ मध्ये, टोरांटोत जोएल कूपर यांनी केलेले एका फुप्फुसाचे प्रतिरोपण दीर्घकाळ टिकले.

यानंतर जतनाचा प्रश्न ऐरणीवर आला, कारण दाते दूरच्या गावी असत. पिट्सबर्गला काही काळ देमिखोवांच्या मार्गाने, धडधडते हृदय आणि जोडलेली फुप्फुसे एका पेटीतून नेण्यात आली. हा मार्ग अवघड म्हणून सोडून द्यावा लागला. मूत्रपिंडांसाठी १९६९ साली कॉलिन्स यांनी बनविलेले, पोटॅशियम अधिक असलेले थंड द्रावण फुप्फुसांनाही वापरले जाऊ लागले, पण पोटॅशियमने फुप्फुसांच्या वाहिन्या आवळतात आणि द्रावण सर्वत्र पोचत नाही. नव्वदीच्या दशकात पोटॅशियम कमी आणि डेक्स्ट्रान असलेले द्रावण रूढ झाले. ते फुप्फुसरोहिणीतून सोडून रक्त धुऊन काढावयाचे, फुप्फुसे फुगवलेली ठेवून पिशवीत बंद करावयाची आणि बर्फाच्या पेटीत ठेवावयाची. सहा ते आठ तास मिळतात. हृदयाला चारच. स्वीडनमधील लुंड येथे स्टिग स्टीन यांनी २००० साली हृदय थांबून मृत झालेल्या व्यक्तीचे फुप्फुस देहाबाहेर यंत्रावर चालवून, पारखून मग बसविले. २०११ मध्ये टोरांटोच्या चिकित्सकांनी प्रसिद्ध केले की, संशयास्पद म्हणून टाकून दिली गेली असती अशी फुप्फुसे शरीराच्या उष्णतेवर चार तास यंत्रात श्वसन करवून वापरता येतात. जागे ठेवणे आणि निजविणे या दोन जुन्या परंपरा येथे एकत्र आल्या. पुढे तेथेच असेही दिसले की चार अंशांपेक्षा दहा अंशांवर फुप्फुसाच्या पेशी अधिक चांगल्या राहतात. रात्री काढलेले फुप्फुस सकाळपर्यंत ठेवून ताज्यातवान्या हातांनी बसविता येते. बर्फ जितका गार तितका बरा, या साठ वर्षांच्या गृहीताला त्याने धक्का दिला.

भारतात मेंदूमृत्यूला मान्यता देणारा मानवी अवयव प्रतिरोपण कायदा १९९४ साली झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रतिरोपण केले. १९९९ मध्ये चेन्नईला डॉ. के. एम. चेरियन यांनी हृदय व फुप्फुसे एकत्र बसविली. भिलाईपासून नागपूर लोहमार्गाने सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, मोटारीने चारपाच तासांचे अंतर. हृदयाला उपलब्ध असलेला सारा अवधी या एका प्रवासात संपतो, फुप्फुसाचा बहुतेक संपतो, आणि दहा अंशांवर ठेवलेल्या फुप्फुसाचा पुष्कळ शिल्लक राहतो.

परळच्या केईएममध्ये सप्टेंबर १९६८ नंतर हृदयप्रतिरोपण झाले नव्हते. ते पुन्हा झाले जुलै २०२४ मध्ये.